दोन धाग्यांचा वाद आणि वॉलेस कॅरोथर्स

थंड, नितळ पाण्याच्या ओढ्यात गुडघाभर उभे राहायचे, लांब लवचिक काठीने पिसांची बनवलेली कृत्रिम माशी पाण्यावर अलगद टाकायची आणि तिला भुललेला ट्राउट मासा गळाला लावायचा, हा युरोप-अमेरिकेतला शतकांचा छंद आहे. ब्रिटिशांच्या काळात तो हिमालयात पोचला आणि काश्मीर व हिमाचलातील नद्यांवर तो आजही जोपासला जातो. या छंदिष्टांच्या मेळाव्यात एक वाद हमखास रंगतो. माशीला बांधायचा शेवटचा धागा नायलॉनचा असावा की फ्लुरोकार्बनचा? एक पक्ष नायलॉनच्या मऊपणाची ग्वाही देतो, तर दुसरा फ्लुरोकार्बनच्या अदृश्यपणाची. हा वाद दुकानातल्या दोन रिळांपुरता वाटला, तरी त्याचे मूळ ज्या प्रयोगशाळेत आहे तिथे एका विलक्षण बुद्धिमान आणि तितक्याच दुःखी माणसाने आपली उमेदीची नऊ वर्षे घालवली होती. त्या माणसाचे नाव वॉलेस ह्यूम कॅरोथर्स. नायलॉनचा हा जनक आपल्या धाग्याला जगात काय मान मिळाला हे पाहायला उरला नाही.

कॅरोथर्स यांच्या आयुष्याकडे वळण्यापूर्वी हा धागा नेमके काय काम करतो हे पाहायला हवे. कृत्रिम माशीला वजन जवळजवळ नसतेच. त्यामुळे ती फेकण्यासाठी लागणारे वजन मुख्य दोरीलाच द्यावे लागते, म्हणून ती जाड आणि लेप दिलेली असते. अशी जाड दोरी थेट माशीला बांधली, तर मासा सावध होणारच. यावर उपाय म्हणून दोरी आणि माशी यांच्यामध्ये साधारण नऊ फूट लांबीचा, टोकाकडे निमुळता होत गेलेला पारदर्शक धागा जोडतात. त्याला लीडर म्हणतात आणि त्याच्या शेवटच्या, सर्वांत बारीक भागाला टिपेट. आपल्या कोकणात गळ टाकणारे ज्याला तंगूस म्हणतात, त्याच जातीचा हा धागा. त्याने तीन कामे करायची असतात. माशाच्या नजरेत येऊ नये, माशीला पाण्यावर मोकळेपणी वाहू द्यावे आणि मासा लागला की तुटू नये. या तिन्ही गोष्टी एकाच धाग्यात पुरेपूर सापडणे कठीण, आणि सारा वाद तिथूनच सुरू होतो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत हे काम रेशीमकिड्याकडे होते. कोश विणण्याच्या बेतात असलेल्या अळीच्या रेशीमग्रंथी काढून, त्या ताणून त्यांचा धागा करीत. स्पेनमधील मुर्सिया परगणा या धंद्यासाठी प्रसिद्ध होता. एका ग्रंथीतून जेमतेम हात-दीड हात लांबीचा तुकडा निघे. असे अनेक तुकडे गाठी मारून जोडावे लागत. कोरडा धागा ठिसूळ असल्याने वापरण्यापूर्वी तो भिजत घालावा लागे. अधिक बारीक धागा हवा असेल तर तो लहान लहान छिद्रांतून ओढून काढीत, आणि जितक्या वेळा ओढला तितके ‘एक्स’ त्याच्या नावापुढे लागत. रेशीमग्रंथींचा धागा इतिहासजमा झाला, पण हे ‘एक्स’ टिकून राहिले. आजही टिपेटच्या रिळावर तीच खूण असते. अकरातून एक्सचा आकडा वजा केला की धाग्याची जाडी इंचाच्या हजारांश भागांत मिळते. म्हणजे पाच एक्सचा धागा सहा हजारांश इंचाचा, सुमारे ०.१५ मिलिमीटर जाडीचा.

किड्याने बनवलेल्या या धाग्याला माणसाने बनवलेला पर्याय मिळाला तो कॅरोथर्स यांच्यामुळे. त्यांचा जन्म २७ एप्रिल १८९६ रोजी अमेरिकेच्या आयोवा राज्यातील बर्लिंग्टन येथे झाला. चार भावंडांत ते थोरले. वडील डे मॉइन येथील एका वाणिज्य महाविद्यालयात शिक्षक होते. मुलाने हिशेबनिसाच्या व्यवसायात स्थिरावावे, अशी घरची अपेक्षा होती. त्याप्रमाणे त्यांनी लेखाशास्त्राचा अभ्यासक्रम पुराही केला. मन मात्र रसायनशास्त्रात होते. १९१५ मध्ये ते मिसूरीतील टार्किओ या छोट्या महाविद्यालयात दाखल झाले. तिथले रसायनशास्त्राचे प्राध्यापक सोडून गेले तेव्हा तो विषय शिकवण्याची जबाबदारी या विद्यार्थ्यावरच येऊन पडली. पुढे इलिनॉय विद्यापीठात रॉजर अ‍ॅडम्स यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९२४ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि १९२६ मध्ये ते हार्वर्डमध्ये अध्यापक झाले.

याच सुमारास ड्यूपाँ कंपनीचे रसायन संचालक चार्ल्स स्टाइन यांनी एक धाडसी कल्पना मांडली होती. विक्रीयोग्य मालाची चिंता न करता निव्वळ मूलभूत संशोधन करणारा एक विभाग कंपनीने चालवावा, असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी त्यांना कॅरोथर्स हवे होते. कॅरोथर्स यांनी आधी नकार दिला. पगाराचा प्रश्न होताच, पण त्यांची खरी अडचण निराळी होती. अधूनमधून येणाऱ्या खिन्नतेच्या झटक्यांत आपल्या हातून काहीच काम होत नाही, विद्यापीठात ते निभावून जाते, कारखानदारीत कदाचित निभणार नाही, असे त्यांनी कंपनीला मोकळेपणी कळवले होते. कंपनीने आपला आग्रह सोडला नाही. अखेर फेब्रुवारी १९२८ मध्ये कॅरोथर्स डेलावेअर राज्यातील विल्मिंग्टन येथे रुजू झाले.

त्या काळी रसायनशास्त्रात एक मोठा वाद चालू होता. रेशीम, रबर, कापूस यांसारखे पदार्थ हजारो अणूंच्या लांबलचक साखळ्यांचे बनलेले आहेत, असे जर्मन शास्त्रज्ञ हेरमान श्टाउडिंगर सांगत होते. अनेक मान्यवरांना ते पटत नव्हते. लहान लहान रेणूच कसल्याशा गूढ आकर्षणाने एकत्र गोळा होतात, असे त्यांचे मत होते. कॅरोथर्स यांनी वाद घालण्याऐवजी साखळीच बांधायला घेतली. ज्यांच्या दोन्ही टोकांना हात आहेत असे रेणू घ्यायचे आणि पाठ्यपुस्तकांतल्या सुपरिचित अभिक्रियांनी ते एकमेकांत गुंफत जायचे. प्रत्येक कडी ठाऊक असेल, तर तयार झालेली साखळी कशाची आहे याबद्दल शंका उरणार नाही. श्टाउडिंगर यांच्या सिद्धान्ताला या कामाने भक्कम आधार मिळाला. बहुवारिके दोन पद्धतींनी तयार होतात, एक जोडणीने आणि दुसरी संघननाने, ही आज शालेय पुस्तकांत असलेली विभागणीही कॅरोथर्स यांचीच.

साखळी बांधण्याच्या या कामात आडवे आले ते पाणी. दोन रेणूंचा सांधा जुळला की पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. हे पाणी तिथेच राहिले तर ते जुळलेले सांधे पुन्हा उकलू लागते आणि साखळी एका मर्यादेपलीकडे वाढत नाही. एमिल फिशर या थोर जर्मन रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत बांधलेल्या सर्वांत मोठ्या रेणूचे वजन सुमारे ४,२०० होते. कॅरोथर्स यांना तो टप्पा ओलांडायचा होता. त्यासाठी त्यांनी निर्वात अवस्थेत चालणारे एक विशेष ऊर्ध्वपातन उपकरण वापरात आणले. बाहेर पडणारा पाण्याचा प्रत्येक रेणू लगोलग थंड पृष्ठभागावर अडकावा आणि साखळीपासून कायमचा दूर व्हावा, अशी त्याची रचना होती.

एप्रिल १९३० हा महिना त्यांच्या प्रयोगशाळेसाठी विलक्षण ठरला. प्रथम अरनॉल्ड कॉलिन्स या सहकाऱ्याला एका कुपीत रबरासारखा उसळणारा पदार्थ आढळला. तेच पुढे निओप्रीन या नावाने बाजारात आलेले कृत्रिम रबर. थंड ओढ्यात तासन्‌तास उभे राहणाऱ्या मच्छीमारांची उबदार तुमान पुढे याच निओप्रीनची होऊ लागली. त्यानंतर काही दिवसांतच ज्युलियन हिल यांनी त्या नव्या उपकरणातून १२,००० पेक्षा अधिक रेणुभाराचा पॉलिएस्टर काढला. वितळलेल्या गोळ्यात काचेची कांडी बुडवून वर उचलली, तर तिच्यामागून तंतू निघाला. तो थंड झाल्यावर ओढला, तर तुटण्याऐवजी मूळ लांबीच्या कितीतरी पट ताणला गेला आणि ताणताना अधिकच चिवट व चकचकीत झाला. गुंतवळ्यासारख्या पडलेल्या साखळ्या ओढीमुळे एका दिशेने शिस्तीत बसत होत्या. रेशीमग्रंथी ताणणाऱ्या मुर्सियाच्या कारागिरांच्या हातांना जे अनुभवाने ठाऊक होते, त्याचे कारण आता रेणूंच्या पातळीवर उलगडले.

तो तंतू वस्त्रासाठी मात्र निरुपयोगी होता. थोड्याशा उष्णतेने तो वितळे आणि गरम पाण्यापुढे त्याचा टिकाव लागत नसे. कॅरोथर्स यांनी हा विषय बाजूला ठेवला. दरम्यान मंदीचे दिवस आले होते. स्टाइन यांच्या जागी १९३० मध्ये एल्मर बोल्टन आले होते आणि संशोधनातून कंपनीला काही लाभ व्हावा, अशी त्यांची अपेक्षा होती. त्यांच्या आग्रहावरून १९३४ च्या आरंभी कॅरोथर्स पुन्हा तंतूंकडे वळले. या वेळी त्यांनी सांध्याचा प्रकार बदलला. एस्टरऐवजी अमाइडचा सांधा घेतला, जो निसर्गाने रेशमात आणि लोकरीत वापरला आहे. अमाइडच्या सांध्यांचे वैशिष्ट्य असे, की शेजारशेजारच्या साखळ्या त्यांच्यामुळे एकमेकींना घट्ट धरून ठेवतात आणि तंतू सहजी वितळत नाही. मे १९३४ मध्ये डोनाल्ड कॉफमन यांनी असा पहिला चांगला तंतू ओढून काढला. पुढच्या काही महिन्यांत या गटाने अनेक जोड्या तपासल्या. २८ फेब्रुवारी १९३५ रोजी जेरार्ड बेर्शे यांनी सहा कार्बनचा डायअमाइन आणि सहा कार्बनचे आम्ल यांच्यापासून ‘सहा-सहा’ हे बहुवारिक तयार केले. कॅरोथर्स यांचा कल ‘पाच-दहा’ या दुसऱ्या एका जोडीकडे होता. बोल्टन यांनी ‘सहा-सहा’ निवडले, कारण त्याचा कच्चा माल बेंझिनपासून स्वस्तात मिळण्याजोगा होता आणि ते सुमारे २६० अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नव्हते. हेच पुढे नायलॉन झाले.

यशाच्या या पायऱ्या चढत असताना कॅरोथर्स यांचे मन मात्र खचत चालले होते. १९३४ च्या उन्हाळ्यात ते कोणाला न सांगता निघून गेले आणि बाल्टिमोरजवळच्या एका मनोरुग्णालयात उपचार घेत असल्याचे नंतर कळले. फेब्रुवारी १९३६ मध्ये त्यांनी हेलन स्वीटमन यांच्याशी विवाह केला. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर त्यांची निवड झाली. औद्योगिक प्रयोगशाळेतील सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञाला हा मान प्रथमच मिळत होता. आपल्या हातून काहीच घडले नाही, आपल्यातली कल्पकता संपली आहे, ही भावना तरीही त्यांचा पिच्छा सोडत नव्हती. त्या वर्षी त्यांना पुन्हा रुग्णालयात राहावे लागले. नैराश्यावर परिणामकारक औषधे यायला अजून दोन दशके होती. जानेवारी १९३७ मध्ये त्यांची लाडकी बहीण इसोबेल न्यूमोनियाने गेली. ९ एप्रिल १९३७ रोजी नायलॉनच्या एकस्वाचा अर्ज दाखल झाला. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, एकेचाळिसावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असताना, २९ एप्रिल रोजी फिलाडेल्फियातील एका हॉटेलात कॅरोथर्स यांनी आपले आयुष्य संपवले. त्यांची मुलगी जेन त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जन्मली.

एकस्व सप्टेंबर १९३८ मध्ये मंजूर झाले. त्या वर्षी नायलॉन बाजारात आले ते दात घासण्याच्या ब्रशच्या केसांच्या रूपाने. ऑक्टोबर १९३८ मध्ये चार्ल्स स्टाइन यांनी न्यूयॉर्कमध्ये या धाग्याची जाहीर घोषणा केली. १५ मे १९४० रोजी अमेरिकेत सर्वत्र नायलॉनचे पायमोजे विक्रीला आले आणि दुकानांबाहेर रांगा लागल्या. युद्ध पेटल्यावर पायमोजे मागे पडले आणि हा धागा पॅराशूट व दोरखंडांकडे वळला. कॅरोथर्स यांच्या हाताखाली काम केलेल्या पॉल फ्लोरी यांना १९७४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, श्टाउडिंगर यांना ते १९५३ मध्ये मिळाले होते. कॅरोथर्स यांनी बाजूला ठेवलेल्या पॉलिएस्टरलाही १९४१ मध्ये इंग्लंडमधील व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी निराळे आम्ल वापरून वस्त्रयोग्य केले. आपल्याकडच्या टेरिलीनचे कुळ ते हेच.

ब्रशच्या पाठोपाठ हा धागा नदीकाठीही पोचला. आरंभीचा एकसलग नायलॉन धागा ताठर होता, त्याला वळ्या पडत. तरी तो हवा तितका लांब मिळे, त्याला भिजवत ठेवावे लागत नसे आणि तो कुजत नसे. मऊ आणि बारीक धागे पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस आले आणि रेशीमग्रंथींच्या धाग्याचा जमाना संपला.

नायलॉनचा स्वभाव मात्र त्याच्या जन्मकथेतच लिहिलेला आहे. ज्या अमाइडच्या सांध्यांनी त्याला बळ दिले, त्याच सांध्यांना पाण्याची ओढ असते. पाणी बाहेर काढून घडवलेला हा धागा नदीत पडला की पुन्हा पाणी पिऊ लागतो. पूर्ण भिजल्यावर त्याच्या वजनाच्या आठ-दहा टक्क्यांपर्यंत पाणी त्यात मुरू शकते. शोषलेले पाणी साखळ्यांच्या मधे शिरून त्यांची परस्परांवरची पकड सैल करते. त्यामुळे धागा मऊ होतो, अधिक ताणतो आणि त्याची ताकद काही अंशी घटते. हा दोष खरा, पण गुणही त्यातच दडलेला आहे. मऊ धाग्यावर माशी मोकळेपणी वाहते, गाठ छान बसते आणि माशाने अचानक हिसका दिला तर ताण धागाच सोसतो. नायलॉनची घनता पाण्यापेक्षा थोडीच अधिक, साधारण १.१४ असल्याने पृष्ठभागावर तरंगणाऱ्या माशीला ते लवकर खाली ओढत नाही.

फ्लुरोकार्बनचे कुळ वेगळे असले तरी गाव तेच आहे. कॅरोथर्स गेल्यानंतर वर्षभराने, ६ एप्रिल १९३८ रोजी ड्यूपाँच्याच रॉय प्लंकेट यांना न्यू जर्सीतील प्रयोगशाळेत अपघाताने टेफ्लॉन सापडले. त्याच फ्लोरिनयुक्त घराण्यातील पॉलिव्हिनायलिडीन फ्लोराइड या बहुवारिकापासून जपानच्या कुरेहा कंपनीने १९७१ मध्ये मासेमारीचा धागा काढला. आज फ्लुरोकार्बन म्हणून विकला जातो तो धागा हाच. तो पाणी जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे दिवसभर भिजूनही त्याची ताकद तशीच राहते. दगडांवर घासला तरी सहज झिजत नाही आणि उन्हाने नायलॉनसारखा कमजोर होत नाही. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लुरोकार्बनचा सुमारे १.४२ आणि नायलॉनचा सुमारे १.५३. पाण्याच्या अधिक जवळ असल्याने फ्लुरोकार्बन कमी चमकतो. जाहिरातीत म्हणतात तसा तो अदृश्य मात्र नसतो. सुमारे १.७८ घनतेमुळे तो बुडतो, अधिक ताठ असतो आणि त्याची किंमत नायलॉनच्या कितीतरी पट असते.

एवढे कळल्यावर निवड अवघड राहत नाही. माशी पृष्ठभागावर तरंगत ठेवायची असेल तर नायलॉन. पाणकिड्यांच्या अळीसारखे आमिष तळाशी न्यायचे असेल, पाणी काचेसारखे नितळ असेल किंवा तळ खडकाळ असेल तर फ्लुरोकार्बन. नायलॉनचा लीडर ठेवून फक्त टिपेट फ्लुरोकार्बनचे जोडणे हा खिशाला परवडणारा मधला मार्ग, पण हा कडक धागा मऊ धाग्यात रुततो, म्हणून जोडगाठ विचारपूर्वक निवडावी. गाठ कोणत्याही धाग्याची असो, आवळण्यापूर्वी ती ओली करावी, नाही तर घर्षणाच्या उष्णतेने धागा तिथेच कमजोर होतो. नायलॉनची रिळे उन्हापासून दूर ठेवावीत आणि जुनी झाली की बदलावीत. दोन्ही धाग्यांचे उरलेले तुकडे मात्र आठवणीने घरी न्यावेत. फ्लुरोकार्बन तर ऊन-पाण्याला दादच देत नाही, आणि काठावर टाकलेल्या तुकड्यांत पाणपक्ष्यांचे पाय अडकतात.

पदार्थाचे गुण त्याच्या रेणूंच्या रचनेतून येतात आणि रचना ठरवली तर गुणही ठरवता येतात, हे कॅरोथर्स यांनी हाताने करून दाखवले. त्यांच्या दृष्टीने कोणताही धागा सरसकट चांगला किंवा वाईट नव्हता. एस्टरचा धागा उष्णतेला हरला म्हणून त्यांनी अमाइडचा घेतला, पण एस्टरची साखळी चुकीची ठरवली नाही. पदार्थांना लावलेला हा समंजस निकष त्यांना स्वतःला मात्र लावता आला नाही. अवघ्या नऊ वर्षांत कृत्रिम रबर, पहिला अस्सल कृत्रिम तंतू आणि एका नव्या शास्त्राचा पाया घालणारा हा माणूस आपण निष्फळ ठरलो असे समजून गेला. तो आजार होता, आणि त्या आजाराला त्या काळी फारसे उत्तर नव्हते. आज कुठल्याशा ओढ्याकाठी कोणी ओठांत धरून टिपेटची गाठ ओली करतो, तेव्हा धाग्यात पाणी शिरून त्याचे काय होते हे त्याला सांगता येते. ते सांगण्याचे शास्त्र ज्यांनी उभे केले, त्यांत पहिल्या मोजक्या नावांत वॉलेस कॅरोथर्स हे नाव आहे.